बहात्तरच्या दुष्काळाची आठवण तुमच्या घरी कशाच्या रूपानं उरली आहे?

कोरडवाहू | रविवार, सकाळी ९:४०

पानिपतावर आपल्याकडे दर जानेवारीत धागा निघतो आणि चांगला शे-दीडशे प्रतिसादांपर्यंत जातो. भाऊसाहेबांनी काय करायला हवं होतं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. मीही तिथे हिरिरीनं लिहितो. पण १९७२ च्या दुष्काळावर इथे एकही धड धागा सापडला नाही, म्हणून हा काढतोय.

मे १९७३ मध्ये, दुष्काळ अगदी भरात असताना, महाराष्ट्रात साधारण ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती, रस्त्यावर माती टाकत होती. ती माणसं आपल्याच घरातली. तरी राज्यात कुठे त्यांचं स्मारक नाही, ठरलेला स्मरणदिन नाही, आणि शाळेच्या पुस्तकात आम्हाला तरी त्यावर दोन ओळींच्या वर काही वाचल्याचं आठवत नाही.

स्मारक नसलं तरी खुणा मात्र जागोजागी आहेत. महाराष्ट्रात पगार घेणाऱ्यांनी पगाराची चिठ्ठी उघडून बघा. व्यवसाय कर म्हणून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतील. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. वि. स. पाग्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात जो प्रयोग केला होता, तो बहात्तरच्या दुष्काळात राज्यभर पसरला, पुढे १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा त्याच वाटेनं आला. म्हणजे हिंजवडीत बसून संगणकावर काम करणारा पोरगा दर महिन्याला त्या दुष्काळाचा हप्ता भरतोय आणि त्याला पत्ताही नाही.

तर विचारायचं हे की तुमच्या घरी तो दुष्काळ कशात उरला आहे? एखादी वस्तू, सवय, शब्द, भांडण, काहीही. आणि दुसरं, जे उरलं आहे ते खरं किती आणि गाळून गाळून उरलेलं किती?

सोनचाफा | सकाळी १०:१५

आमच्याकडे मिलो. रेशनवर मिळणारी अमेरिकेची लाल ज्वारी. आई सांगते, उकळत्या पाण्यात पीठ मळलं तरी भाकरी थापताना काठाला फाटायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. आजी त्यात मूठभर उडदाचं पीठ घालायची, तेही मिळालं तर.

दोन वर्षांपूर्वी भरडधान्याचा गाजावाजा चालू होता तेव्हा मी दुकानातून लाल ज्वारीच्या पिठाचं महागडं पाकीट आणलं. आईनं पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "हे मी दोन-दोन तास रांगेत उभी राहून खाल्लंय. आता पैसे मोजून नाही खायची." पीठ शेवटी शेजारी दिलं.

रानवारा | १०:२२

सुकडी! कामावरच्या पोरांना वाटायचे ती. वडील अजून तिची चव काढतात. घरी गव्हाचं पीठ भाजून, गूळ घालून तशी करून बघितली, तर "ती न्हाय ही" म्हणून वाटी बाजूला सारली.

पाटाचं_पाणी | १०:५०

मिलोचा विषय निघालाच आहे तर गाजर गवताचंही लिहा. काँग्रेस गवत. मिलोच्या पोत्यांतून बी आलं आणि सगळा महाराष्ट्र त्यानं व्यापला. आमच्या गावात कुणालाही विचारा, बहात्तरच्या आधी हे गवत नव्हतं.

वनस्पतीवेडा | ११:३०

पाटाचं_पाणी, हे सगळीकडे ऐकायला मिळतं, पण गाजर गवताची पुण्यातली नोंद १९५५-५६ ची आहे. म्हणजे दुष्काळाच्या पंधरा-सोळा वर्षं आधीची. परदेशी धान्याबरोबर बी आलं असावं असं मानतात, पण ते बहात्तरच्या मिलोबरोबर पहिल्यांदा आलं हे नोंदींत बसत नाही.

मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. हे गवत उकरलेल्या, उघड्या जमिनीवर आधी येतं. रस्त्याची कड, तलावाचा भराव, मुरूम काढलेले खड्डे. दुष्काळी कामांनी गावोगाव अशीच जमीन तयार केली. त्यामुळे पुष्कळ गावांनी ते पहिल्यांदा खरोखर त्याच वर्षांत पाहिलं असेल. पोटात मिलो होता, बांधावर नवं गवत होतं. लोकांनी दोन्हीची सांगड घातली आणि ती इतकी घट्ट बसली की आता सुटत नाही.

पाटाचं_पाणी | ११:४२

पुण्याची नोंद असेल, ती मी कशाला नाकारू? पण आमचं गाव पुण्यात नाही. गावाला कधी दिसलं तोही इतिहासच आहे की. तुमच्या वहीत पंचावन्न साल, आमच्या शिवारात बहात्तर. दोन्ही लिहून ठेवा.

वनस्पतीवेडा | ११:४८

यावर आपलं एकमत.

माणदेशी | दुपारी १:०५

सवडीनं लिहितो, कारण कोरडवाहूंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या तालुक्यात अगदी डोळ्यांसमोर आहे.

माण नदीवर राजेवाडीचा मोठा तलाव आहे, म्हसवडचा तलाव म्हणूनही ओळखतात. गावात कुणालाही विचारा तलाव कुणी बांधला, उत्तर येणार "इंग्रजांनी". वर पुस्ती, "इंग्रजांचं काम बघा, अजून टिकलंय." मी लहानपणापासून हेच ऐकत मोठा झालो.

तलावाचं काम निघालं ते १८७६-७७ च्या दुष्काळात, दुष्काळी काम म्हणून. माती वाहिली ती माण-खटावच्या आणि आसपासच्या उपाशी माणसांनी. तेव्हा सर रिचर्ड टेंपल दुष्काळाच्या पाहणीवर होता. त्यानं ठरवलेली मजुरी म्हणजे पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. दिवसभर माती वाहणाऱ्या गड्याला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम! ही मजुरी आल्यावर मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली, दूरच्या छावण्यांवर जायला नकार दिला. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली, सार्वजनिक काकांनी सरकारला निवेदनांवर निवेदनं धाडली. उपाशी माणसांनी केलेला संप हा. आमच्या तालुक्यातल्या एका तरी म्हाताऱ्याला तो माहीत असायला हवा होता की नाही? मी पुष्कळांना विचारलं. कुणालाच नाही. उरलं काय, तर "इंग्रजांचं काम बघा."

नीरा डाव्या कालव्याचीही तीच कथा. त्या दुष्काळानंतर निघालेलं काम. बारामतीकडची बागायत त्यावर उभी राहिली, आणि खोदणाऱ्यांचं नाव कुठल्याही चारीला नाही.

त्याच दुष्काळात सत्यशोधक समाजानं अन्नछत्रं चालवली, धनकवडीला जोतीरावांनी उपाशी मुलांसाठी आश्रम काढला. सावित्रीबाईंनी १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. माणसं गाव सोडून चालली आहेत, जनावरं मरून पडताहेत, असं त्यात लिहिलं आहे. हे पत्र आहे म्हणून निदान एवढं तरी कळतं. माण नदीकाठच्या माणसाला पत्र लिहिता येत नव्हतं, त्यामुळे त्याचं सगळं तलावाच्या भरावात गेलं.

सोनचाफा | १:२०

माणदेशी, हे मला अजिबात माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

चौथा_मजला | १:३३

एक शंका. आठवण पाच पिढ्या टिकावी ही अपेक्षाच जास्त नाही का? माझ्या खापरपणजोबांचं नावही मला सांगता येत नाही, मग त्यांच्या वेळचा संप कसा आठवणार?

माणदेशी | १:४७

चौथा_मजला, पाचच काय, पंचवीस पिढ्या टिकते. दुर्गादेवीचा दुष्काळ चौदाव्या शतकाच्या शेवटी पडला, नाव अजून चालू आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचं बघा. बेदरच्या बादशहाचं कोठार त्यांनी उपाशी लोकांना खुलं केलं आणि विठ्ठल विठू महाराच्या रूपात जाऊन धान्याचे पैसे भरून आला. कुठल्या बादशहाचं कोठार हे मंगळवेढ्यातही दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. दामाजी मात्र देवळात बसलेत. तुकोबांनी तर पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली हे स्वतःच अभंगात सांगून ठेवलं, म्हणून १६३० चा दुष्काळ आजही वारकऱ्याच्या तोंडी आहे.

म्हणजे काळ लोटला म्हणून आठवण जाते असं नाही. तिला कीर्तन लागतं, गाणं लागतं, सांगणारा लागतो. दामाजीला कीर्तनकार मिळाले. १८७७ च्या त्या मजुरांच्या संपाला कुणी मिळाला नाही.

निळी_पहाट | दुपारी ३:१०

सकाळपासून वाचतेय. कोरडवाहूंनी "गाळून उरलेलं" असं लिहिलं आहे, त्यावर लिहिते.

माझी आजी बीड जिल्ह्यात बहात्तरला खडीच्या कामावर होती. ती अभिमानानं सांगायची की त्या वर्षी पाटलाची सून तिच्या शेजारी बसून खडी फोडत होती. एरवी त्या बाई उंबऱ्याबाहेर दिसायच्या नाहीत. कामावर येताना डोक्यावरून पदर इतका खाली ओढलेला असायचा की हातोडी बोटांवर बसायची. आजीनं तिला शिकवलं, दगड पायाच्या अंगठ्यानं कसा दाबायचा आणि बोटाला चिंधी कशी गुंडाळायची. दोघी मैत्रिणी झाल्या होत्या असं आजी म्हणायची, आणि मला ते खरं वाटतं.

त्याच कामावर पाण्याचे दोन रांजण होते. एक झाडाखाली, त्यातून पाणी वाढायला एक बाई नेमलेली. दुसरा उन्हात, आमच्या लोकांसाठी. तो दुपारपर्यंत संपायचा, मग वाढणारीनं वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं, नाहीतर सुट्टीपर्यंत थांबायचं. खडी एका ओळीत, हजेरीपट एक, मुकादम एक, पाणी दोन.

"बहात्तरला सगळे एक झाले होते" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. भाषणांत, दिवाळी अंकांत, कार्यालयात. ज्यांनी झाडाखालचं पाणी प्यायलं त्यांच्या घरात ते वाक्य उरलं. आमच्या घरात रांजण उरला.

त्याच वर्षी, मे महिन्यात, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीवरच्या पाण्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली. दलित पँथर त्याच वर्षी मुंबईत उभी राहिली, त्यामागे अशा घटनांचा संताप होता. बाबा आढावांची "एक गाव एक पाणवठा" ही मोहीमही त्याच सुमाराची. बहात्तर म्हटलं की मिलो आणि सुकडी आठवते, आणि हे दुसऱ्याच कुठल्यातरी वर्षी घडल्यासारखं वेगळ्या कप्प्यात ठेवलं जातं. साल एकच होतं.

रानवारा | ३:१८

ताई, +१. दुसरं काही सुचत नाही.

भीमथडी | ३:४०

निळी_पहाट, तुमच्या आजींबद्दल आदर आहे. पण सगळीकडे तसंच होतं असं होऊ नये. आमचे आजोबा दौंड भागात तलावाच्या कामावर होते. ते सांगतात, सगळे एकत्र बसून जेवायचे, कुणी कुणाची जात काढत नव्हतं. एका जिल्ह्याच्या अनुभवावरून साऱ्या राज्याचं चित्र काढणं मला पटत नाही.

निळी_पहाट | ३:५२

भीमथडी, मी साऱ्या राज्याबद्दल लिहिलेलं नाही, माझ्या घराबद्दल लिहिलं आहे, धागा त्यासाठीच आहे. आजोबा असतील तर एकच विचारा: पाणी कुठून प्यायचे, आणि तिथून बाकी कोण कोण प्यायचं?

भीमथडी | ३:५५

विचारतो. गावी आहेत, रात्री फोन करीन.

चौथा_मजला | ४:३०

जरा हलकं काहीतरी. आमच्या वडिलांचा, दोन्ही काकांचा आणि आत्याचा वाढदिवस १ जूनला. शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं "जन्म कधीचा?", आजी म्हणाली "दुष्काळातला". गुरुजींनी १ जून लिहून टाकलं. धाकट्या काकांच्या वेळी "दुष्काळ सरला तवाचा", तरी १ जूनच. त्या दिवशी आमच्या कुटुंबाच्या गटावर शुभेच्छा कुणाला कुणी दिल्या याचा मेळ लागत नाही.

सोनचाफा | ४:३६

आमच्या आख्ख्या आळीचा १ जून! बेकरीवाला त्या दिवशी केकवर नावच घालत नाही.

यंत्रदादा | सायंकाळी ५:०५

वस्तूचं विचारलंत म्हणून. हापसा.

बहात्तरला विहिरी आटल्या, खोल बोअर घ्यावे लागले, आणि बिडाचे जुने पंप एवढ्या वापरात टिकेनात. बिडाचा दांडा शे-दोनशे बायकांनी दिवसभर हापसला की खिळ जाते, मग फुटतो. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी लोखंडी पंप बनवून बघितले, मग सोलापूरच्या मिशनमध्ये त्यात सुधारणा होऊन सोलापूर पंप निघाला. त्यावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क दोन हा हातपंप तयार झाला. दांड्याला साखळी, खाली पोलादी पाया. आज तो आफ्रिकेतल्या खेड्यांतही पाणी काढतोय. मी पंचायत समितीकडच्या हातपंप दुरुस्तीत नोकरी काढली. चाळीस वर्षं उन्हात उभा असलेला हापसा वॉशर बदलला की पाणी द्यायला लागतो, हे स्वतःच्या हातानं केलंय. जालना आणि सोलापूरच्या लोकांनी या गोष्टीचा अभिमान बाळगायला पाहिजे.

दूरदेशी | संध्या. ६:२०

मी डब्लिनमध्ये राहते. कोरडवाहूंनी स्मारकाचं लिहिलं म्हणून इथलं सांगते.

इथे लिफी नदीच्या काठी, कस्टम हाऊसजवळ, कांस्याचे पुतळे आहेत. हाडं निघालेली माणसं, एकाच्या खांद्यावर मूल, सगळी बंदराकडे चाललेली. १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली, त्यांची ही आठवण. माझा कामाचा रस्ता तिथूनच जातो. दरवर्षी सरकारी स्मरणदिन असतो, पंतप्रधान किंवा राष्ट्रपती येतात.

मला जास्त भावलं ते वेगळंच. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चोक्टॉ लोकांनी, ज्यांना स्वतःलाच जमिनीवरून हाकलून दिलं होतं, पैसे गोळा करून आयर्लंडला पाठवले. आयरिश लोक ते विसरले नाहीत. कॉर्क परगण्यात त्यांच्यासाठी पिसांच्या आकाराचं शिल्प उभं केलं. आणि २०२० मध्ये करोनाच्या काळात नावाहो आणि होपी लोकांसाठी मदत मागितली गेली, तेव्हा हजारो आयरिश लोकांनी पैसे पाठवले. देणाऱ्यांनी सोबत लिहिलं होतं की आम्ही जुनं ऋण फेडतोय. ऋण चोक्टॉंचं, फेड दुसऱ्या जमातींना, तरी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पावणेदोनशे वर्षांच्या आठवणीनं माणसाचा हात खिशात गेला. आठवण जपायची ती अशासाठी, असं मला वाटतं.

चौथा_मजला | ६:३५

फार छान, दूरदेशी. पण आयरिश लोकांना त्या आठवणीतून इंग्रजांविरुद्ध राष्ट्र उभं करायचं होतं, म्हणून ती जपली गेली. बहात्तरचा दोष आपण कुणावर टाकणार? पाऊस पडला नाही. शत्रू नसलेली आठवण टिकवणं अवघड.

कोरडवाहू | ६:५०

चौथा_मजला, नेमकं बोललात. पानिपताला अब्दाली आहे, दुष्काळाला कुणी नाही. पण शत्रू नसला तरी बहात्तरमध्ये आपल्या बाजूनं सांगण्यासारखं काहीतरी आहे ना? सलग दोन-तीन वर्षं पाऊस हुकला, पिकं गेली, तरी १८७६ सारखी लाखोंनी माणसं मेली नाहीत. हाल झाले, बायकापोरं खंगली, जनावरं कवडीमोलानं गेली, पण मोठा संहार टळला. मजुरीची कामं काढली, लोक मोर्चे काढून ती मागत राहिले, तहसीलदार कचेऱ्यांना घेराव पडले, म्हणून टळला. टळलेल्या गोष्टीचं स्मारक कुणी बांधत नाही ही खरी अडचण आहे.

काळी_माती | रात्री ८:००

इथे सगळे बहात्तरच्या गोडव्यात चाललेत (निळी_पहाट सोडून), मला जरा वेगळं म्हणायचं आहे. आठवणीतून आपण धडा चुकीचा घेतला.

बहात्तर म्हणजे पाणी नाही, मग काय करायचं? आणखी खोल जा. विहिरी खोल केल्या, बोअर घेतले, विजेचे पंप बसवले, आणि त्या पाण्यावर ऊस लावला. ज्या सोलापूर-लातूरच्या माणसांनी मिलो खाल्ला त्यांच्याच मुलांनी उसाचे फड उभे केले. मी त्यांना दोष देत नाही. हमखास दर मिळणारं दुसरं पीक होतं कुठे? माझ्या घरचा ऊस आहे. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी न्यावं लागलं. म्हातारी माणसं म्हणतात, "बहात्तरला अन्न नव्हतं पण पाणी होतं, आता अन्न आहे पण पाणी नाही." सगळे माना डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी बोअरवाल्याला फोन लावतात. याला आठवण म्हणायचं का?

नीट धडा घेतला तो पुरंदरमध्ये नायगावला विलासराव साळुंख्यांनी. बहात्तरचा दुष्काळ बघूनच ते त्या कामात पडले. पाणी पंचायतीचे नियम बघा: पाणी जमिनीच्या हिशोबानं नाही, घरातल्या माणसांच्या हिशोबानं, माणशी अर्धा एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकला जात नाही. हा नियम म्हणजे दुष्काळाची खरी आठवण. तो नियम किती गावांनी उचलला, ते बघा आणि ठरवा आपण काय लक्षात ठेवलं.

पाटाचं_पाणी | ८:१४

काळी_माती, उसाला पर्याय दिल्याशिवाय नियम टिकत नाही हो. ज्वारीला भाव द्या, आम्हीच ऊस मोडतो.

काळी_माती | ८:२०

भावाचं शंभर टक्के मान्य. पण पाणी माणशी वाटायला भाव कुठे आडवा येतो? भूमिहीनाला वाटा द्यायचा म्हटलं की बैठकच मोडते, हे मी स्वतः पाहिलंय.

निळी_पहाट | ८:३१

भूमिहीन कोण असतात हे वेगळं सांगायला नको. फिरून रांजणापाशीच आलो.

भीमथडी | ९:४५

आजोबांशी बोललो. जसं सांगितलं तसं लिहितो.

पाणी कुठून प्यायचात, असं विचारल्यावर आधी म्हणाले, "टँकर यायचा." मग मी विचारलं, टँकरमधून कशात ओतायचे? थोडं थांबून म्हणाले, "पिंप व्हती. दोन." दुसरं कुणाचं, तर "ती त्यांची." जेवण एकत्र म्हणजे एकाच वेळी, एकाच लिंबाखाली, पण पंगती वेगळ्या. मी म्हटलं, हे कधी सांगितलं नाहीत. म्हणाले, "कुणी इचारलं न्हाय. आन् तवा ते सांगन्यासारखं वाटतच नव्हतं, तसंच असायचं."

पुढे त्यांनी आपणहून एक सांगितलं. कामावर एक बाळंतीण होती, वस्तीवरची. तिला उन्हात चालवेना, तेव्हा मुकादमानं तिची हजेरी लावली आणि तिच्या वाटची माती बाकीच्यांनी टाकून दिली. सगळ्यांनी, पंगत न बघता. आजोबांना त्या बाईंचं नावही आठवतंय.

निळी_पहाट | ९:५८

धन्यवाद, भीमथडी. मनापासून. दोन्ही गोष्टी एकाच कामावर झाल्या, दोन्ही लिहून ठेवा. त्या बाईंचं नाव इथे देऊ नका, पण वहीत नक्की लिहा.

दूरदेशी | रात्री १०:१०

"तसंच असायचं" यावर किती वेळ थांबले मी. जे रोजचं असतं ते माणूस आठवण म्हणून सांगतच नाही. म्हणून विचारणाऱ्यानं रोजचंच विचारलं पाहिजे.

कोरडवाहू | १०:४०

आता मूळ प्रश्नावर येतो. मला सकाळी वाटत होतं की बहात्तर आपण विसरलो. तसं दिसत नाही. पगाराच्या चिठ्ठीत, हापशात, १ जूनच्या वाढदिवसात तो आहे. विसरलो आहोत ते कुणी काय सोसलं आणि कुणी काय मिळवलं हे. १८७७ चा तो संप गेला तसंच हेही जाईल, कारण त्या कामांवर जाणती असलेली माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. फार तर दहा वर्षं हाताशी आहेत.

म्हणून एक काम सुचवतो. ज्यांच्या घरी अशी माणसं आहेत त्यांनी या महिन्यात त्यांच्यापाशी बसून मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करावं. "दुष्काळाबद्दल सांगा" असं विचारू नका, ठरलेली गोष्टच बाहेर पडते. भीमथडींसारखं विचारा.

यंत्रदादा | १०:५२

मी विचारायचे प्रश्न देतो, कामाच्या अनुभवावरून. माती कशी मोजायचे? खड्ड्यात मधे मातीचा खुंट सोडायचे, त्यावरून खोली काढायचे, तो कोण कापायचं? खडीचा ब्रास कोण भरायचं? मजुरी कुणाच्या हातात पडायची, बाईच्या की नवऱ्याच्या? उधारी कोणत्या दुकानात होती? बैल कुणाला विकले, कितीला? तान्ही मुलं कामावर कोण सांभाळायचं?

सोनचाफा | ११:०५

बाईच्या हातात मजुरी पडायची का, हा प्रश्न आईला आत्ताच विचारला. ती उठून बसलीय. आता झोप नाही, उद्या लिहिते.

माणदेशी | ११:२०

राजेवाडी, म्हसवड, दहिवडी भागातलं कुणी असेल तर निरोप टाका. मे अखेर मी गावी आहे. बहात्तरच्या पाझर तलावांची गावोगावची यादी करायची आहे: तलाव कुठे, गाळ किती, आणि त्यावर काम केलेलं कोण हयात आहे. दुचाकी माझी, पेट्रोल माझं. बीड आणि दौंडकडे असं कुणी करणार असेल तर सगळ्यांची नोंदवही एकाच नमुन्याची ठेवू. यंत्रदादा, तुमचे प्रश्न छापून घेतो.

निळी_पहाट | ११:२६

बीडचं मी करते. त्यात पाण्याचा रकाना घाला.